एनएफएलचे स्वतःचे अंदाज तपासायचे कसे? टप्प्याटप्प्याने

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या आठवड्याचा सोमवार रात्रीचा शेवटचा सामना संपला की अंदाज बांधणारे बहुतेक जण सोळापैकी किती बरोबर आले ते मोजतात. अकरा आले तर आठवडा चांगला, सात आले तर वाईट. मग चुकलेल्या सामन्यांची हायलाइट्स बघायची, 'हे कळायला हवं होतं' म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात त्या संघाच्या वाटेला जायचं नाही. याला तपासणी म्हणत नाहीत. असं करणाऱ्याचे अंदाज वर्षानुवर्षं मागच्या रविवारच्या निकालामागे फरफटत जातात.

तपासायचं असतं ते एवढंच: सामन्याआधी हातात असलेल्या माहितीवर मी बांधलेला अंदाज योग्य होता का? निकाल हा त्याचा पुरावा आहे, पण एका सामन्याचा निकाल म्हणजे फार कच्चा पुरावा.

न्यू जर्सी किंवा बे एरियात ऑफिसच्या पिकेममध्ये (दर आठवड्याला विजेते निवडण्याच्या स्पर्धेत) भाग घेणाऱ्यांना आणि पुण्या-मुंबईत रात्र जागवून सामने बघणाऱ्यांना ही पद्धत सारखीच लागू पडते. ती 'विजेता कोण' या साध्या अंदाजासाठी आहे, पैशांच्या पैजेसाठी नाही. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः तिसरा आणि चौथा टप्पा उलटसुलट केला की पुढचं सगळं बिघडतं.

## टप्पा १: सामन्यांआधी वही आखा

स्प्रेडशीट चालेल, साधी वहीही चालेल. सामन्याआधी भरायचे रकाने: आठवड्याचा क्रमांक, पाहुणा संघ, यजमान संघ, तुमचा विजेता, त्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत, एका वाक्यात कारण, 'मी चुकलो तर कशामुळे चुकेन' याचं एक वाक्य आणि नोंदीची वेळ. सामन्यानंतर भरायचे: निकाल, गुणफरक, चूक-गुण (तिसऱ्या टप्प्यात काढायचा) आणि शेरा (पाचव्या टप्प्यात).

टक्केवारीचा रकाना सोडून बाकी सगळं भरणारे पुष्कळ दिसतात. त्यांची वही तपासताच येत नाही. 'बिल्स जिंकतील' या वाक्यात ५२ टक्क्यांचा बिचकता अंदाजही बसतो आणि ९० टक्क्यांची खात्रीही, आणि हे दोन चुकले तर त्यांचा अर्थ अगदी वेगळा असतो. शक्यता ५ च्या पटीत लिहा: ५०, ५५, ६०. ६३ आणि ६४ मधला फरक आपल्यापैकी कुणालाच कळत नाही. ८५ च्या वर जाण्याआधी दोनदा विचार करा. या लीगमध्ये इतके एकतर्फी सामने फार थोडे असतात.

कारण असं लिहा की ते नंतर खरं-खोटं करता येईल. 'चीफ्स फॉर्मात आहेत' हे वाक्य सामना कसाही गेला तरी खोटं ठरत नाही, म्हणून निरुपयोगी आहे. 'पाहुण्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल बाहेर आहेत आणि समोरचा पास रश जोरदार आहे, क्वार्टरबॅकला वेळ मिळणार नाही' हे वाक्य सामन्यानंतर सॅकच्या आकड्यांशी ताडून बघता येतं. (क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, टॅकल त्याचं रक्षण करणारे, पास रश म्हणजे त्याच्यावरची चाल आणि सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच त्याला पाडणं.)

भारतात बसून वही भरणाऱ्यांचा एक घोळ ठरलेला आहे: तारखा. संडे नाइट फुटबॉल आपल्याकडे सोमवारी पहाटे होतं, मंडे नाइट मंगळवारी आणि गुरुवारचा सामना शुक्रवारी पहाटे. भारतीय तारीख लिहिली की महिनाभराने कुठला सामना कुठल्या आठवड्याचा हे लागत नाही. तारखेऐवजी आठवड्याचा क्रमांक हीच ओळख ठेवा.

सावधान: आवडत्या संघाचे सामने त्याच वहीत ठेवा, पण त्यांना वेगळी खूण करा. सहाव्या टप्प्यात ते वेगळे काढून बघायचे आहेत.

## टप्पा २: नोंदीला कुलूप लावा

एक वेळ ठरवा आणि प्रत्येक सामन्याला तीच पाळा. माझी शिफारस किकऑफच्या (सामना सुरू होण्याच्या) एक तास आधीची. कारण साधं आहे: संघांनी न खेळणाऱ्यांची यादी किकऑफच्या ९० मिनिटं आधी जाहीर करायची असते. आठवडाभर 'क्वेश्चनेबल' दाखवलेला खेळाडू खेळणार की नाही हे तेव्हा पक्कं कळतं.

रविवारचे पहिले सामने न्यूयॉर्कच्या वेळेने दुपारी १ वाजता सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकरा. म्हणजे यादी रात्री ९ ला येते आणि नंतर १० ला. लंडनच्या सामन्यांकडे विशेष लक्ष ठेवा. ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी साडेनऊला सुरू होतात आणि नेहमीच्या वेळेवर विसंबलेल्यांची नोंद हमखास राहून जाते. राहिली तर तो सामना वहीतून वगळा. पहिला क्वार्टर बघून भरलेला अंदाज वहीत नको.

कुलूप लागल्यावर एकही अक्षर खोडायचं नाही, टंकलेखनाची चूकसुद्धा नाही. दुरुस्ती हवीच असेल तर खाली नवी ओळ लिहा आणि तिच्यापुढे वेळ टाका.

ताळा: आठवड्यात कुणाला बाय (विश्रांतीचा आठवडा) नसेल तर नोंदी १६ हव्यात. दोन संघ बायवर असतील तर १५, चार असतील तर १४. आकडा जुळत नसेल तर कुठला सामना सुटला ते आत्ताच शोधा.

## टप्पा ३: आधी गुण द्या, गोष्ट नंतर ऐका

आठवड्याचे सगळे सामने संपल्यावर, कुठलंही विश्लेषण वाचण्याआधी किंवा हायलाइट्स बघण्याआधी, हा हिशेब पुरा करा. सामन्याची गोष्ट आधी ऐकली की पश्चातबुद्धी जागी होते आणि 'मला वाटतच होतं' हे मनात बसतं. मग ७५ टक्के लिहिलेला अंदाजही आपण मनातल्या मनात ६० वर आणतो.

हिशेबाला ब्रायर स्कोअर वापरा. हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी तो १९५० साली मांडला गेला आणि आपल्या कामाला चपखल बसतो. शक्यता दशांशात लिहा. निवडलेला संघ जिंकला तर निकाल १, हरला तर ०. दोघांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला.

७० टक्के लिहिलं आणि संघ जिंकला: ०.३ चा वर्ग, ०.०९. हरला: ०.७ चा वर्ग, ०.४९. ९० टक्के लिहून हरला तर ०.८१. सगळीकडे डोळे मिटून ५० टक्के लिहिलं तर प्रत्येक सामन्याला ०.२५. म्हणून ०.२५ ही तुमची लक्ष्मणरेषा. हंगामाची सरासरी तिच्यावर गेली तर नाणेफेक बरी होती.

नुसते 'किती बरोबर' मोजण्यात काय हरवतं ते या दोघांकडे बघून कळेल. दोघांनी १६ सामन्यांत तेच संघ निवडले आणि दोघांचे १० बरोबर आले. पहिल्याने सगळीकडे ६० टक्के लिहिलं होतं; त्याची सरासरी ०.२३५. दुसऱ्याने सगळीकडे ८५. त्याची सरासरी ०.२८५. पिकेमच्या तक्त्यावर दोघं शेजारी-शेजारी बसतील. प्रत्यक्षात पहिल्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा माहीत आहे आणि दुसरा नाणेफेकीलाही हरला आहे.

बरोबरी झाली तर निकाल ०.५ धरा. २८ सप्टेंबर २०२५ चा पॅकर्स आणि काऊबॉइजचा सामना ४०-४० असा सुटला. कुणी पॅकर्सना ६५ टक्के दिले असतील तर फरक ०.१५ आणि गुण ०.०२२५. असे सामने वगळू नका.

सावधान: काही पिकेममध्ये खात्रीप्रमाणे १६ ते १ गुण वाटायचे असतात. तिथे इतरांपेक्षा वेगळं काही निवडल्याशिवाय पहिलं येता येत नाही, म्हणून लोक मुद्दाम दुबळा संघ घेतात. तो स्पर्धेचा डाव झाला. तो वेगळ्या रकान्यात लिहा, वहीत मनापासूनची टक्केवारीच हवी.

## टप्पा ४: सामना कागदावर वाचा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. आधी बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता), मग प्ले-बाय-प्ले (प्रत्येक चालीची नोंद) आणि वेळ उरला तर चित्रीकरण. हायलाइट्स सर्वांत शेवटी. तीन तासांहून लांबलेल्या सामन्यातले दहा-बारा सनसनाटी क्षण त्यात असतात, आणि सामना खरा कुठे फिरला ते बहुतेकदा बिनचेहऱ्याच्या प्लेजमध्ये असतं: तिसऱ्या डाऊनवर (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर) दोन यार्डांनी हुकलेला पास, अडीच-अडीच यार्डांच्या धावा.

बॉक्स स्कोअरमध्ये या गोष्टी बघा. दोन्ही संघांचे प्रत्येक प्लेमागचे यार्ड. टर्नओव्हर (चेंडू समोरच्याला गमावणं). फंबल (हातातून सुटलेले चेंडू) किती झाले आणि त्यातले गमावले किती, हे दोन आकडे वेगवेगळे. बचाव फळीने किंवा स्पेशल टीम्सने (किकच्या वेळी उतरणाऱ्या खेळाडूंनी) केलेले टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण). चौथ्या डाऊनवरचे प्रयत्न. ईपीएचे आकडे बघता येत असतील तर उत्तमच; प्रत्येक प्लेने अपेक्षित गुणांत किती भर पडली किंवा घट झाली याचा तो हिशेब असतो.

फंबलचे दोन आकडे वेगळे का? चेंडू हातातून सुटणं हा काही अंशी खेळाडूचा दोष असतो, पण सुटलेला, वेडावाकडा उसळणारा चेंडू कुणाच्या हाती लागतो हे बऱ्याच अंशी नशीब असतं. तीन फंबल करून तीनही परत मिळवलेला संघ निकालात 'स्वच्छ' खेळलेला दिसतो. पुढच्या आठवड्यात ते तीनही चेंडू समोरच्याला मिळू शकतात.

एक सामना जवळून बघू. २०२२ चा दहावा आठवडा, १३ नोव्हेंबर, वायकिंग्ज बिल्सच्या मैदानावर. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन याच्या कोपराला आदल्या सामन्यात दुखापत झाली होती आणि तो खेळेल की नाही हे आठवडाभर नक्की नव्हतं. तो खेळला. समजा तुम्ही बिल्सना ६५ टक्के दिले होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बिल्स २७-१० ने पुढे होते. वायकिंग्जनी अंतर कमी केलं. चौथा डाऊन आणि १८ यार्ड हवे असताना वायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनने एका हाताने झेल ओढून घेतला. तरीही बिल्सनी वायकिंग्जना गोल लाइनवर अडवलं आणि चेंडू त्यांच्याकडे आला. २७-२३ ची आघाडी, एक मिनिटाहून कमी वेळ. अॅलनच्या हातात स्नॅप (चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू) नीट बसला नाही, चेंडू एंड झोनमध्ये पडला आणि एरिक केन्ड्रिक्सने त्यावर झेप घेतली. टचडाउन वायकिंग्ज. बिल्सनी फील्ड गोल मारून बरोबरी साधली, पण ओव्हरटाइममध्ये अॅलनचा पास एंड झोनमध्ये अडवला गेला आणि वायकिंग्ज ३३-३० ने जिंकले.

तुमचा चूक-गुण ०.४२२५. तो वहीत तसाच राहील, त्यात सूट नाही. पण 'बिल्सना ६५ टक्के देणं चुकीचं होतं' असं या सामन्यातून निघतं का? शेवटच्या मिनिटातली निसटलेली स्नॅप सामन्याआधी कुणालाच दिसणार नव्हती. उलट '१७ गुणांची आघाडी घेणारा संघ मागे का पडला?' हा प्रश्न नोंदवण्यासारखा आहे, आणि अॅलनच्या कोपराला तुम्ही कारणाच्या रकान्यात जागा दिली होती का, हा त्याहून महत्त्वाचा.

ताळा: या टप्प्यावर चुकलेले आणि बरोबर आलेले सामने सारख्याच बारकाईने वाचले ना? फक्त चुकलेलेच वाचले असतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: प्रत्येक अंदाजाला एकच शेरा

चार शेरे पुरतात.

१. माहिती होती, बघितली नाही. दुखापतींच्या यादीत नाव होतं, वाऱ्याचा अंदाज जाहीर होता, तुम्ही उघडून पाहिलं नाही.

२. बघितली, पण वजन चुकलं. नवखा क्वार्टरबॅक आहे हे लिहिलं होतं आणि तरी ७५ टक्के दिले.

३. आधी कळणं शक्य नव्हतं. सामन्यातली दुखापत, अचानक झालेली हकालपट्टी.

४. अंदाज ठीक, चेंडूने दगा दिला किंवा साथ दिली.

सुधारणा फक्त पहिल्या दोन शेऱ्यांतून होते. अडचण अशी की चुकलेल्या अंदाजाला चौथा शेरा आणि बरोबर आलेल्याला 'माझा अभ्यास' असं आपण सहज लिहून टाकतो. म्हणून बरोबर आलेल्यांनाही हेच चार शेरे लावा.

११ सप्टेंबर २०२३ चा बिल्स-जेट्स सामना यासाठी उत्तम आहे. जेट्सकडे क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स नुकताच आला होता. समजा तुम्ही जेट्स निवडले आणि कारण लिहिलं 'रॉजर्समुळे आक्रमण बदलेल'. रॉजर्स चार स्नॅपनंतर अकिलीस (टाचेमागचा कंडरा) तुटून बाहेर गेला. अॅलनने तीन इंटरसेप्शन (समोरच्याने झेललेले पास) दिली, एक फंबलही गमावला, आणि ओव्हरटाइममध्ये झेवियर गिप्सनने ६५ यार्डांचा पंट रिटर्न (समोरच्याने लाथाडलेला चेंडू घेऊन पळणं) करून जेट्सना २२-१६ ने जिंकवलं. अंदाज बरोबर! पण लिहिलेलं कारण खेळलंच नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. गुण मिळतील, शेरा मात्र तिसराच जाईल, त्यापुढे 'कारण बाद' अशी नोंद पडेल, आणि या विजयावरून पुढच्या आठवड्यात जेट्सची टक्केवारी वाढवायची नाही.

शेरा प्रामाणिक पडावा यासाठी एक उपाय खरोखर कामाचा आहे. निकालाचा रकाना झाकून वही एखाद्या जाणत्या मित्राला द्या. त्याने फक्त कारण आणि टक्केवारी वाचून 'पटतं' किंवा 'पटत नाही' लिहायचं. दोन-तीन आठवडे जुनी पानं द्या, म्हणजे निकाल त्याच्याही लक्षात नसतील.

## टप्पा ६: गठ्ठा बांधल्याशिवाय निष्कर्ष नाही

नियमित हंगामात २७२ सामने असतात. एका आठवड्याचे १६ निकाल बघून आपली पद्धत बिघडली किंवा सुधारली असं ठरवणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. चार आठवड्यांनी एकदा गठ्ठा काढा, आणि तेव्हाही हात आखडता ठेवा.

अंदाज टक्केवारीप्रमाणे गटांत लावा: ५०-५५, ६०-६५, ७०-७५, ८० आणि वर. प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती जिंकले ते बघा. ७० टक्क्यांचे ४० अंदाज असतील तर २८ च्या आसपास बरोबर यायला हवेत. 'आसपास' किती? नुसत्या योगायोगाने हा आकडा २३ ते ३३ पर्यंत कुठेही पडू शकतो. २५ आले तर काहीही बदलू नका. १९ आले तर तुम्ही त्या गटात नक्कीच फाजील खात्रीने लिहीत आहात.

आता खूण केलेले आवडत्या संघाचे सामने वेगळे काढा. बहुतेकांच्या वहीत याच ओळींची टक्केवारी सर्वांत फुगलेली सापडते. इतकी तफावत दिसली तर त्या संघाचे अंदाज ठेवा, पण एकूण हिशेबातून बाहेर काढा.

मग तुलना. 'नेहमी यजमान', 'नेहमी जास्त विजय असलेला संघ' आणि 'नेहमी बाजाराच्या लाइनचा फेव्हरिट' (लाइन म्हणजे सट्टाबाजाराने मांडलेला अपेक्षित गुणफरक, फेव्हरिट म्हणजे त्यात पुढे दाखवलेला संघ) या तीन बिनडोक पद्धती तुमच्या शेजारी ठेवा. तिसरी फार चिवट आहे. फेव्हरिट साधारण दोन तृतीयांश सामने जिंकतात. त्यामुळे '६४ टक्के बरोबर' ऐकायला छान वाटलं तरी तेवढं बिनकष्टाचंही मिळतं. लाइनची टक्केवारी करायची असेल तर अंदाजे प्रमाण असं: प्रत्यक्ष गुणफरक लाइनच्या भोवती १३ ते १४ गुणांच्या प्रमाण विचलनाने पसरतो, त्या हिशेबाने ३ गुणांचा फेव्हरिट सुमारे ५९ टक्के, ७ चा ७० आणि १० चा ७७.

सावधान: संघाचं जय-पराजयाचं कोष्टक तपासणीत मापदंड म्हणून वापरू नका. २०२२ चे वायकिंग्ज १३-४ होते, पण त्यांनी हंगामात केलेल्या गुणांपेक्षा ३ गुण जास्त खाल्ले होते. एका स्कोअरच्या आत (आठ किंवा कमी गुणांनी) सुटलेले अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले. त्यांना दर आठवड्याला निवडणाऱ्यांच्या वह्या झळकत होत्या. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) घरच्या मैदानावर जायंट्सनी त्यांना ३१-२४ ने हरवलं आणि पुढचा हंगाम ७-१० गेला.

## टप्पा ७: एका वेळी एकच नियम बदला

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायची सवय इथे सर्वांत घातक. एक मोठा पराभव झाला की लोक एकदम पाच गोष्टी बदलतात, आणि महिन्याने कशामुळे फरक पडला हे सांगता येत नाही. गठ्ठ्यातून जी सर्वांत ठळक चूक दिसली तिच्यावर एक नियम लिहा, आठवड्याचा क्रमांक टाका आणि पुढचे किमान चार आठवडे तोच पाळा. जुन्या नोंदींना नवा नियम लावून 'बघा, तेव्हा हे असतं तर' असं करू नका.

घरच्या मैदानाचं उदाहरण घ्या. यजमानांना सरसकट ३ गुण जास्त द्यायचे ही जुनी सवय अजून अनेक वह्यांत दिसते. २०२० च्या नियमित हंगामात, बहुतेक मैदानं रिकामी किंवा जवळपास रिकामी असताना, यजमान १२७ सामने जिंकले, १२८ हरले, एक बरोबरीत सुटला. प्रेक्षक परतल्यावरही हा फायदा जुन्या ३ गुणांइतका मोठा राहिलेला नाही. तुमच्या वहीत निवडलेले यजमान सातत्याने लिहिलेल्या टक्केवारीपेक्षा कमी जिंकत असतील तर नियम असा लिहा: 'आठवडा ९ पासून यजमानाला दीड गुण.' बाकी काही हलवू नका.

ताळा: नवा नियम एका वाक्यात मावतो का? त्यात 'परिस्थितीनुसार' हा शब्द आला असेल तर तो नियम नाही, पळवाट आहे.

## टप्पा ८: वेगळे सामने वेगळ्या पानावर

अठराव्या आठवड्यात प्लेऑफची जागा पक्की झालेले संघ मुख्य खेळाडूंना बसवतात. ५ जानेवारी २०२५ ला चीफ्सनी तेच केलं आणि ब्रॉन्कोजकडून ३८-० ने हरले. या सामन्यांत संघाच्या ताकदीचा अंदाज नसतो, कोण खेळणार याचा असतो. त्यांना गुण द्या, पण टप्पा ६ च्या गटांत मिसळू नका. सुपर बोल (अंतिम सामना) धरून प्लेऑफचे १३ सामनेही वेगळे ठेवा. एवढ्या नमुन्यातून काही ठरत नाही.

सुपर बोलनंतर वही बंद करताना पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी उचला: टक्केवारीच्या गटांचा तक्ता आणि टिकलेले नियम. संघांबद्दलची मतं नेऊ नका. फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंची हालचाल), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) आणि प्रशिक्षकांची अदलाबदल यांनंतर सप्टेंबरमधला संघ बऱ्याचदा नावापुरताच जुना असतो. पहिल्या तीन आठवड्यांत ७० च्या वर जाऊ नका, आणि त्या तीन आठवड्यांचा गठ्ठा नंतरच्या आठवड्यांपासून वेगळा बांधा.